चौऱ्याऐंशी रोपांची नावं

त्या हिवाळ्यात टास्मानियातल्या पेथरिक बे गावात दोरीवर टाकलेल्या कपड्यांना धुराचा वास लागला नाही असं एकही घर नव्हतं. संध्याकाळी चादर काढून घडी घालायला घेतली की सफरचंदाच्या लाकडाचा वास यायचा, करपलेल्या साखरेसारखा, गोडसर. रोवेना डायरीन आता साठी ओलांडून पुढे गेली आहे. तरी कुठे शेकोटी पेटली आणि तसा वास आला की बोलता बोलता ती थांबते, आणि समोरच्याला वाटतं हिला काही आठवलं वाटतं. आठवतंच.

१९७५ साल. दोनएक वर्षांपूर्वी इंग्लंडने युरोपातल्या शेजाऱ्यांशी व्यापाराची सोयरीक केली होती आणि टास्मानियाच्या सफरचंदांना तिथलं दार जवळजवळ बंद झालं होतं. ह्युऑन नदीत बोटी यायच्या, खोकी भरून न्यायच्या, त्याच्यावर अख्खं खोरं तीन पिढ्या जगलं होतं. आता सरकार म्हणालं, बागा काढून टाका, भरपाई आम्ही देतो. सह्या झाल्या. बुलडोझर आले. रोवेनाचे वडील क्लॅरी डायरीन यांची तीस एकरांची बाग पाच दिवसांत आडवी झाली. सहाव्या दिवशी ढीग पेटवले, आणि त्या दिवसापासून क्लॅरी डायरीन घरात बोलेनासे झाले. चिडले होते असंही नाही. मीठ दे, दार लाव, एवढं बोलायचे. बाकी दिवसभर माल भरायच्या रिकाम्या शेडमध्ये बसून असायचे.

रोवेना तेव्हा पंधरा वर्षांची, नववी ‘ब’मध्ये. नववी ‘अ’ची मुलं पुढे होबार्टला शिकायला जायची, ‘ब’ची मुलं सोळावं लागायची वाट बघायची. रोवेनानेही ठरवून टाकलं होतं. होबार्टला आत्या होती, तिच्या ओळखीचं चपलांचं दुकान होतं. सोळावं लागलं की शाळा सोडायची आणि लोकांच्या पायात बूट चढवायचे. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं.

त्यांना गणित शिकवायला डेन्हम सर होते. लॉन्सेस्टन शहरातले, तिशीचे, कॉरड्रॉयचा एकच कोट रोज घालणारे. जूनमधल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका दुपारी ते शेकडेवारी शिकवत होते आणि सव्वीस मुलं खिडकीबाहेर बघत होती. टेकडीवर धूर होता. सरांनी खडू ठेवला.

“कोणाची बाग आहे ती?”

“हॉवेलांची,” मागच्या बाकावरून मॅल्कम थॉर्प म्हणाला. “क्रॉफ्टनं आहेत. खालची अर्धी गेली, वरची उभी आहेत.”

“धुरावरून ओळखलंस?”

“नाही सर. तिथे क्रॉफ्टनच होती. सगळ्यांना माहितीय.”

“मला नव्हतं माहीत,” सर म्हणाले. “मला सफरचंदांचे दोन प्रकार कळतात. लाल आणि हिरवं.”

वर्ग हसला. कितीतरी आठवड्यांनी हसला. “सर, तुम्ही कोणाला सांगू नका हां,” मॅल्कम म्हणाला, “इथे मारतील तुम्हाला.” मग सर म्हणाले, सांगा तर मग, आणखी कोणती असतात. आणि मुलं एकमेकांवर ओरडत नावं सांगायला लागली. क्लिओपात्रा, डेमोक्रॅट, स्टर्मर, स्कार्लेट नॉनपरेल, फॅनी, कॉक्स. ज्यांनी वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं अशी मुलं, “अरे, रिब्स्टन राहिलं, रिब्स्टन लिहा” म्हणत उभी राहिली. फळा भरला. सदतीस नावं झाली.

“यातली किती अजून उभी आहेत?” सरांनी विचारलं.

मग रोवेना उठली. आजवर ती बोलावल्याशिवाय कधी फळ्यापाशी गेली नव्हती. तिने खडू घेतला आणि एकेका नावावर काट मारत गेली. शाळेच्या बसमधून रोज येता-जाता तिने मोजलं होतं. का मोजलं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने चौदा नावं कापली, आणि पंधराव्यापाशी थांबून म्हणाली, “याची चार झाडं आहेत. मंगळवारपर्यंत.”

घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

त्याच आठवड्यात डेन्हम सर मुख्याध्यापकांकडे गेले. शाळेच्या मागे जिथे पूर्वी डुकरं पाळायचे, ती अर्धा एकर जागा त्यांनी मागितली, आणि शुक्रवारची दुपार. मुख्याध्यापकांनी विचारलं, “आणि परीक्षा?” सर म्हणाले, “तशीही ती नापासच होतायत. निदान काहीतरी करून नापास होऊ देत.” मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही, पण जागा मिळाली.

ठरलं असं की झाडं जाण्याआधी प्रत्येक बागेतून काड्या आणायच्या, त्यांची कलमं बांधायची आणि शाळेमागे लावायची. मुलांनी पत्रं लिहिली, तीनतीनदा खोडून लिहिली, कारण ती खरोखरच्या माणसांना जायची होती. खोऱ्याचा नकाशा काढला. कलमाला मुळं देणारे किती खुंट लागतील, किती जगतील, दोन रोपांत किती अंतर, या हिशेबात शेकडेवारी कधी येऊन गेली ते कोणाला कळलंही नाही. जुलैच्या थंडीत मुलं सायकलींवरून बागांमध्ये गेली. काही ठिकाणी बुलडोझर एका टोकाला आणि मुलं दुसऱ्या टोकाला, असंही झालं.

क्लॅरी डायरीननी काही विचारलं नाही. एका सकाळी दाराशी सुतळीने बांधलेल्या काड्यांच्या जुड्या ठेवलेल्या होत्या. सगळ्या एका लांबीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. रोवेनाने शेडकडे पाहिलं. बागेतली झाडं तर मेमध्येच गेली होती. म्हणजे बुलडोझर यायच्या आधीच त्यांनी या कापून, थंड जागी जपून ठेवल्या होत्या. कशासाठी, ते तिने विचारलं नाही. शेडचं दार बंद होतं.

कलम शिकवायला मिसेस उना किंगवेल आल्या. बुटक्या, पासष्टीच्या, सतत पेपरमिंट चघळणाऱ्या. तीस वर्षं त्यांनी खोऱ्यातल्या बागांमध्ये फिरून कलमं बांधली होती, बायका ते काम करत नव्हत्या तेव्हापासून. त्यांची सुरी कोणी हातात घेतलेली त्यांना चालायची नाही.

“हे काय केलंस?” त्या मॅल्कमला म्हणाल्या. “पेन्सिलीला टोक काढलंस का?”

“तुम्ही तिरका काप म्हणालात.”

“तिरका म्हणाले, जीव घे नाही म्हणाले. एका ओढीत काप. दुसऱ्यांदा सुरी लावलीस की झालं, मग ते जुळत नाही.”

रोवेनाने पहिलं कलम बांधून पुढे केलं. मिसेस किंगवेलनी ते ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, बाजूला ठेवलं. दुसरंही. तिसऱ्याला त्यांनी चष्मा वर केला. “हात कोणाचा घेतलास?”

“माझाच आहे.”

“क्लॅरी डायरीनची ना तू? मग त्याचा आहे. त्याला विचारायचं होतंस, मला कशाला बोलावलंत?”

“डॅड हल्ली बोलत नाहीत,” रोवेना म्हणाली.

मिसेस किंगवेलनी खिशातून एक पेपरमिंट काढून तिच्यापुढे ठेवली आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

त्या शुक्रवारी घरी जाताना रोवेनाच्या बोटांना दोन ठिकाणी पट्ट्या होत्या आणि अंगभर कलमाला लावायचं चिकट मेण होतं. बसमध्ये ती हाताकडे बघत बसली. आजवर कोणी तिच्या कुठल्याच गोष्टीला ‘हे बरोबर आहे’ म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. पुढचा शुक्रवार यायला सात दिवस लागतात हे तिला पहिल्यांदाच खुपलं.

मुलांनी जस्ताच्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक रोपाला एक. मिसेस किंगवेलनी सांगून ठेवलं होतं, जस्तावर साध्या पेन्सिलीने लिहा, वर्षानुवर्षं राहतं. रोवेनाचं अक्षर वर्गात चांगलं, म्हणून नावं लिहायचं काम तिच्याकडे आलं. तिने एक पट्टी पेन्सिलीने लिहून पाहिली. राखाडी पत्र्यावर राखाडी अक्षर, दिसेचना. दुकानात जाड टोकाची काळी पेनं आली होती. तिने ते पेन घेतलं आणि एकशे बारा पट्ट्यांवर ठसठशीत, वळणदार नावं लिहिली. डेन्हम सर म्हणाले, “वा, काय सुरेख दिसतायत.”

ऑक्टोबरमध्ये रोपं लागली. नावं होतीच, म्हणून कोणी क्रम पाळला नाही. हाताला येईल ते रोप लावत गेले. एकशे बारापैकी चौऱ्याऐंशी जगली. कोवळी पानं आली तेव्हा ‘अ’ची मुलंही मधल्या सुट्टीत कुंपणापाशी येऊन उभी राहायची, आणि ‘ब’ची मुलं त्यांना आत येऊ द्यायची नाहीत.

ख्रिसमसच्या, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या, सुट्टीत रोवेना होबार्टला आत्याकडे गेली आणि सहा आठवडे त्या चपलांच्या दुकानात काम केलं. मालक म्हणाला, एप्रिलमध्ये सोळाची झालीस की ये, जागा आहे. फेब्रुवारीत शाळा उघडली त्या दिवशी ती वर्गात जाण्याआधी मागे गेली. रोपं कमरेएवढी झाली होती. तिने पहिली पट्टी उलटून पाहिली. कोरी. दुसरी पाहिली. उन्हाने आणि पावसाने मिळून सगळं पुसून नेलं होतं. चौऱ्याऐंशी पट्ट्या वाऱ्यावर चकचकत होत्या आणि एकीवरही अक्षर नव्हतं.

मॅल्कमने सुट्टीभर पाणी घातलं होतं. “थोडी पुसट झालीत असं वाटलं होतं मला,” तो पुटपुटला. “तुला कळवावं म्हटलं, पण...”

“पेन्सिलीने लिहायला सांगितलं होतं,” रोवेना वर्गासमोर म्हणाली. “मी ऐकलं नाही.”

“आणि मी सुरेख म्हणालो,” डेन्हम सर म्हणाले. ते भिंतीला टेकून उभे होते. मॅल्कम म्हणाला, “सर, तुमच्या हिशेबाने दोनच प्रकार आहेत ना. लाल आणि हिरवं. लिहून टाकू.” कोणी हसलं नाही, मग सरच हसले.

मिसेस किंगवेल येऊन बघून गेल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “मला नाही सांगता यायची सगळी,” त्या म्हणाल्या. “मी कलम बांधून पुढे जायची. जे तीच झाडं तीस-तीस वर्षं छाटत आले, त्यांना नुसत्या पानावरून कळेल. त्यांना बोलवा.”

पण ती माणसं आता एकमेकांना भेटत नव्हती. कोणी आधी सही केली, कोणी नंतर, कोणी सही करणार नाही म्हणून सभेत सांगून गुपचूप केली. दुकानात समोरासमोर आली की टोपीला हात लावून पुढे जायची.

“मी जाते बोलवायला,” रोवेना म्हणाली.

दोन दिवस ती सायकलवरून घरोघर फिरली. मॅल्कमचे वडील सिरिल थॉर्प कुंपण दुरुस्त करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “आधी सरकारने झाडं काढली,” ते म्हणाले, “आता तुम्ही नावं काढलीत. बरं आहे. उरलं काय मग?” “शनिवारी अकराला, शाळेमागे,” एवढंच म्हणून ती निघाली. एका घरी बाईंनी हळूच दार लावून घेतलं. हॉवेलांच्या घरी सामान बांधून ठेवलेलं होतं. “शनिवारी?” म्हातारे हॉवेल म्हणाले. “शनिवारीच ट्रक येतोय बाळ. आम्ही मुलीकडे चाललोय, कायमचे.”

सगळ्यात शेवटी ती घरच्या शेडपाशी आली. क्लॅरी डायरीन उपड्या खोक्यावर बसून खोक्यांचे जुने वाकडे खिळे हातोडीने सरळ करत होते. सरळ झालेले खिळे एका डब्यात. डबा जवळजवळ भरला होता. आता त्या खिळ्यांचं काही काम नव्हतं.

तिने सगळं सांगितलं, काळ्या पेनासकट. ते ठोकत राहिले.

“आणखी कोणाकडे गेली होतीस?”

“सगळ्यांकडे.”

“सिरिल येतोय?”

“माहीत नाही. कदाचित.”

त्यांनी हातोडी खाली ठेवली. “सिरिलला क्लिओपात्रा आणि डेमोक्रॅटमधला फरक कळत नाही. कधीच कळला नाही. सगळ्यांना चुकीचं सांगत सुटेल तो.”

एका दमात एवढं ते मेपासून बोलले नव्हते.

शनिवारी अकराला शाळेमागे नुसती मुलंच होती. सरांनी मोठ्या भांड्यात चहा उकळत ठेवला होता, मुलींनी स्कोनचे छोटे पाव भाजून आणले होते, सगळ्यांच्या हातात टोक केलेल्या पेन्सिली. साडेअकरा झाले. सिरिल थॉर्पची पिकअप गाडी फाटकापाशी येऊन थांबली, पण ते उतरले नाहीत; काच वर करून बसून राहिले. मग क्लॅरी डायरीन चालत आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. सरळ पहिल्या रोपापाशी गेले, एक पान उलटं करून अंगठ्याने चोळलं, कोवळ्या सालीवर नख लावलं, मग काडीचा शेंडा तोडून दातांनी चावला आणि थुंकले.

“डेमोक्रॅट,” ते म्हणाले. “लिही.”

गाडीचं दार उघडलं. “काय म्हणाला तो?” सिरिल थॉर्प तिथूनच ओरडले.

“डेमोक्रॅट,” मॅल्कमने सांगितलं.

“डोंबलाचं डेमोक्रॅट.” ते तरातरा आले, त्यांनीही पान चोळलं, काडी चावली. बराच वेळ चावत राहिले. “हे असू शकेल,” ते म्हणाले. “पण पुढचं मी सांगणार.”

एक वाजेपर्यंत एकोणीस माणसं जमली होती, आणि त्यांच्यामागून काही बायका. सगळे आपापल्या दारात उभं राहून रस्त्याकडे बघत होते म्हणे. एक गाडी गेली तशी दुसरी निघाली. मग जे काही सुरू झालं त्याला वर्ग म्हणता आलं नसतं. “आंधळा झालास काय, स्टर्मरचं पान एवढं रुंद असतं का?” “तुझ्या बागेत नसेल, तू खत कधी घातलंस?” “ए पोरी, ते लिहू नकोस, थांब, याला आधी चष्मा घालू दे.” मुलं पेन्सिली घेऊन त्यांच्यामागे धावत होती, आणि का, कशावरून, दाखवा ना, असं विचारत होती. आणि ती माणसं दाखवत होती. सालीवरचे ठिपके, फांदीवरच्या डोळ्याचा आकार, पानाच्या कडेचे दाते. कोणी त्यांना कधी हे विचारलंच नव्हतं.

दीडच्या सुमाराला रस्त्यावर सामानाचा ट्रक थांबला. म्हाताऱ्या मिसेस हॉवेल ड्रायव्हरशेजारी बसून राहिल्या आणि मिस्टर हॉवेल एकटेच उतरून आत आले. सगळे जरा बाजूला झाले. ते ओळींमधून हळूहळू चालत गेले. कोणत्याच पानाला हात न लावता, नुसतं बघत. सात ठिकाणी थांबले. सातही वेळा मागे चालणाऱ्या रोवेनाकडे वळून म्हणाले, “हे माझं.” तिने सातही वेळा ‘क्रॉफ्टन’ लिहिलं. शेवटच्या पट्टीच्या मागे तिने न विचारता ‘हॉवेलांच्या टेकडीवरून’ असंही लिहिलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, डेन्हम सरांशी हात मिळवला आणि गेले. ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत कोणी चहाचा कप उचलला नाही.

चौऱ्याऐंशीपैकी एक्क्याऐंशी ओळखली गेली. उरलेल्या तिन्हींवरचं भांडण मिटलं नाही, ती तशीच ठेवली.

घरी जाताना क्लॅरी डायरीन रोवेनाची सायकल हाताने ढकलत होते आणि ती शेजारून चालत होती. बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, “त्या चपलांच्या दुकानाचं काय ठरलं?”

“एप्रिलपासून ये म्हणालेत.”

“हं.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “जुलैत छाटणी करावी लागेल त्या रोपांची. तुझ्या सरांना सुरी कुठून धरायची ते कळत नाही. पाहिलं मी.”

“मग कोण करणार, डॅड?”

“मी दाखवीन. पण करायला हात पाहिजे कोणाचा तरी.”

रोवेनाने आत्याला पत्र लिहिलं, दोनच ओळींचं.

तिने दहावी पूर्ण केली. गणितात कशीबशी, पण केली. पुढे बागकामाचं शिक्षण घेतलं आणि अठ्ठावीस वर्षं रोपवाटिकेत काढली. मॅल्कम बोटींवर गेला. डेन्हम सरांची दोन वर्षांत बदली झाली. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी ‘ब’ची मुलं बसथांब्यावर उभी होती. क्लॅरी डायरीननी कागदाच्या गिरणीत नोकरी धरली. ती त्यांना कधी आवडली नाही. पण शुक्रवारी पाळी लावून घ्यायचे नाहीत. दर शुक्रवारी दुपारी ते आणि सिरिल थॉर्प शाळेमागच्या बाकावर बसायचे, नवीन वर्गाच्या मुलांना चुका दाखवायचे, आणि मुलांचं लक्ष नसलं की एकमेकांच्या. असं पंधरा वर्षं चाललं. सिरिल वारले त्यानंतर क्लॅरी दोन शुक्रवार गेले नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी सातवीतली दोन मुलं घरी आली आणि दाराशी उभं राहून म्हणाली, मिस्टर डायरीन, काप जुळत नाहीये, येता का. ते उठून गेले.

खोऱ्यात आता चेरी जास्त आहेत. जुनी शेडं कोणी राहायला घेतली, कोणी पाडली. रोवेनाला कधी कोणी विचारलं की त्या दिवसांतलं तुला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर ती म्हणते, आवाज. एकोणीस माणसं एकमेकांना आंधळा, बहिरा, गाढव म्हणतायत आणि कोणालाच घरी जायचं नाहीये, असा तो दुपारचा आवाज. तसा तिने पुन्हा कुठे ऐकला नाही. मग ती चहा टाकायला उठते.